जॉयस्टिकच्या पोटातली नावं

२००२ साली अमेरिकेतल्या खेळण्यांच्या दुकानांत एक काळी जॉयस्टिक विकायला आली. दिसायला जुन्या अटारीच्या जॉयस्टिकसारखी: चौकोनी बैठक, मधे दांडा, कोपऱ्यात लाल बटण. पण तिच्यासोबत मशीन नव्हतं आणि कॅसेटही नव्हती. बुडाशी पेन्सिल सेल घालायचे, शेपटीसारख्या वायरच्या टोकाच्या पिना टीव्हीला खोचायच्या आणि स्विच दाबायचा, की अटारीचे दहा जुने गेम हजर. जॅक्स पॅसिफिक नावाच्या खेळणी कंपनीचा हा माल.

त्या दहांत 'अ‍ॅडव्हेंचर' नावाचा एक गेम होता. त्यात तुम्ही म्हणजे एक चौकोनी ठिपका. तीन किल्ले, चक्रव्यूह, आणि ड्रॅगनपेक्षा बदकासारखेच जास्त दिसणारे ड्रॅगन. काळ्या किल्ल्यातल्या भुयारात मागच्या रंगात मिसळून गेलेला एक बारीकसा टिपका दडलेला आहे. तो उचलून ठरावीक जागी नेला की भिंतीतून आरपार जाता येतं आणि पलीकडे एक गुप्त खोली लागते. १९८० च्या मूळ कॅसेटमध्ये त्या खोलीत रंग बदलणारी उभी अक्षरं दिसतात. हा गेम वॉरन रॉबिनेटने बनवला, एवढंच त्यात लिहिलेलं आहे.

२००२ च्या जॉयस्टिकवर एवढी सगळी खटपट करून त्या खोलीत शिरलात तर दिसतं 'टेक्स्ट?'. प्रश्नचिन्हासकट. जणू कुणीतरी जागा मोकळी सोडून साहेबाला विचारलंय, इथे काय लिहू? आणि उत्तर यायच्या आधीच माल कारखान्यातून बाहेर पडलाय.

घरच्या टीव्हीवर आर्केडचे गेम खेळण्याचा इतिहास बहुतेक वेळा मशिनांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्यात नावं कशी पुसली गेली आणि कशी उरली, हा भाग मला जास्त रंजक वाटतो. त्या 'टेक्स्ट?'पर्यंत पोचायला मात्र मशिनांच्याच रस्त्याने जावं लागेल.

आर्केड म्हणजे नाणं टाकून खेळायच्या, कपाटाएवढ्या मशिनांचा अड्डा. आपल्याकडे त्याला व्हिडिओ गेम पार्लर म्हणायचे. या मशिनांचं गणित दुकानदाराचं असतं: खेळणाऱ्याला मजा आली पाहिजे, पण काही मिनिटांत तो हरलाही पाहिजे, म्हणजे पुढचं नाणं पडतं. जुने गेम इतके कठीण का वाटतात, याचं निम्मं उत्तर या गल्ल्यात आहे. तोच गेम घरी आला की नाणं गायब होतं. मग हरण्याला किंमत राहत नाही, आणि 'आई जेवायला बोलावतेय' हाच काय तो खरा गेम ओव्हर.

घरी येण्याची सुरुवात आर्केडच्याही जरा आधी झाली होती. नाझी जर्मनीतून कुटुंबासह निसटून अमेरिकेत आलेल्या राल्फ बेअर या इंजिनिअरने १९६६ पासून टीव्हीला जोडून खेळायचा डबा बनवायला घेतला. १९७२ मध्ये तो मॅग्नावॉक्स ओडिसी या नावाने बाजारात आला. त्याला आवाज नव्हता, रंग नव्हते. रंगासाठी टीव्हीच्या काचेवर चक्क रंगीत प्लॅस्टिकचे कागद चिकटवायचे. त्याच वर्षी अटारीचं 'पाँग' आर्केडमध्ये आलं आणि १९७५ च्या नाताळात सीअर्सच्या दुकानांतून घराघरांत गेलं. पुढच्याच वर्षी जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीने अख्खं पाँग एका चिपवर बसवलं. ही चिप कुणालाही विकत मिळायची, त्यामुळे जगभरच्या कारखान्यांनी आपापल्या नावाचे डबे काढले. बाहेर शंभर नावं आणि आत एकच चिप. हा प्रकार पुढे पुन्हा दिसणार आहे.

एका चिपमध्ये एकच खेळ ठोकून बसवण्यापेक्षा कॅसेट बदलता आली तर? १९७७ चं अटारी २६०० हे याचं सगळ्यात गाजलेलं उत्तर. (इंग्रजीत तिला कार्ट्रिज म्हणतात, पण महाराष्ट्रात ती कॅसेटच होती.) आणि खरा भडका उडाला १९८० मध्ये, जेव्हा 'स्पेस इन्व्हेडर्स' रीतसर परवाना घेऊन त्यावर आला. तोमोहिरो निशिकादोने १९७८ मध्ये जपानच्या टायटो कंपनीसाठी बनवलेला हा गेम. त्यात शत्रू कमी होत जातात तसे उरलेले वेगाने यायला लागतात. मुळात हे कुणी मुद्दाम योजलं नव्हतं. काढायला कमी आकृत्या उरल्या की प्रोसेसरचं ओझं हलकं होई आणि तो भराभर चाले. निशिकादोने ते तसंच ठेवलं, आणि त्यातूनच छातीत धडधड होते.

घरी मात्र आर्केडमधले ५५ शत्रू ३६ झाले, कारण अटारी २६०० ची मेमरी होती १२८ बाइट. किलोबाइट नाही, बाइट. देवनागरीतलं एक चिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत ३ बाइट घेतं, म्हणजे 'शुभ सकाळ, आज लवकर ये, डबा आणायला विसरू नको' एवढ्या मेसेजनेच ती जवळजवळ भरून जाते. अख्ख्या पडद्याचं चित्र साठवायला जागाच नसल्यामुळे टीव्हीवर एकेक आडवी रेघ उमटत असतानाच त्या रेघेवर काय दिसायचं ते प्रोग्रॅमला ठरवावं लागे. आगगाडी धावत असताना तिच्या पुढे रूळ टाकत जाण्यातलाच हा प्रकार.

'पॅक-मॅन'ची गोष्ट त्याहून बोलकी. तोरू इवातानीचा हा गेम १९८० चा, नामको कंपनीचा. आर्केडमध्ये त्याचा पडदा उभा होता, म्हणजे तुम्ही आत्ता ज्या पद्धतीने फोन धरून हे वाचताय तसा. टीव्ही आडवा. त्यामुळे घरी आणताना चक्रव्यूह दाबून, पसरवून बसवावा लागे; पुढे वीस वर्षांनी आलेल्या जॉयस्टिकांनाही ही अडचण चुकली नाही. १९८२ मध्ये टॉड फ्रायने तो अटारी २६०० वर आणला. चार भुतं एकदम दाखवणं त्या मशीनला झेपेना, म्हणून त्याने ती पाळीपाळीने दाखवली. परिणामी भुतं सतत लुकलुकायची. टीकाकारांनी झोडपलं, तरी तो अटारी २६०० चा सर्वाधिक खपाचा गेम ठरला. न खपलेल्या कॅसेटीही भरपूर उरल्या. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला, अटारीने बराच माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरला, आणि २०१४ मध्ये तो उकरून काढला तेव्हा त्यात पॅक-मॅनही निघाला.

आता नावांकडे. अटारी २६०० चा एक गेम तेव्हा सहसा एकच माणूस बनवायचा. कल्पना, चित्रं, आवाज, कोड, सगळं एका हाती. पण खोक्यावर नाव फक्त कंपनीचं. १९७९ मध्ये चार प्रोग्रॅमर अटारीचे प्रमुख रे कसार यांच्याकडे गेले. आपल्या गेमवर कंपनी किती कमावते याचा हिशोब त्यांनी मांडला आणि नाव व वाटा मागितला. उत्तर मिळालं त्याचा मथितार्थ असा, की कॅसेट जोडणाऱ्या कामगारापेक्षा तुम्ही काही जास्त महत्त्वाचे नाही. चौघे बाहेर पडले आणि त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली. तिथल्या माहितीपुस्तिकेत गेम बनवणाऱ्याचं नाव आणि फोटो असायचा. (कसारांच्या त्या वाक्यात कामगारांचाही अपमान होता, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही.)

रॉबिनेट भांडायला गेला नाही. वर्षाला सुमारे २२ हजार डॉलर पगारावर त्याने 'अ‍ॅडव्हेंचर' लिहिला, कुणालाही न सांगता त्यात ती खोली लपवली आणि नोकरी सोडून गेला. कॅसेटमध्ये जागा होती एकूण ४ किलोबाइट. त्यातली थोडीशी त्याने स्वतःच्या नावासाठी वापरली. सॉल्ट लेक सिटीतल्या एका १५ वर्षांच्या मुलाने ती खोली शोधून अटारीला पत्र लिहिलं तेव्हा कंपनीला पत्ता लागला. नाव काढायचं तर चिपचा साचा नव्याने करावा लागणार, आणि तो खर्च कोण करणार? म्हणून नाव राहिलं. गेममधल्या अशा लपवालपवीला आज जगभर 'ईस्टर एग' म्हणतात, तो शब्द याच प्रकरणात रुळला.

अमेरिकेतला बाजार कोसळला त्याच वर्षी, १५ जुलै १९८३ ला, जपानमध्ये निन्टेन्डोचा फॅमिकॉम आला. मासायुकी उएमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे उद्दिष्ट साधं होतं: आर्केडचा 'डाँकी काँग' घरच्या टीव्हीवर नीट चालला पाहिजे. चालला, जरी चारपैकी एक टप्पा गाळावा लागला तरी. गंमत म्हणजे जपानबाहेर हे मशीन विकायचा हक्क निन्टेन्डो अटारीलाच देणार होती, तशी बोलणीही झाली होती. ती फिसकटली.

फॅमिकॉमचा मेंदू म्हणजे दोन चिपा: एक हिशोबाची, एक चित्रांची. तैवानच्या कारखान्यांनी ऐंशीच्या दशकातच त्यांच्या नकला पाडायला सुरुवात केली, आणि नव्वदच्या दशकात दोन्ही मिळून एकाच चिपवर आल्या. काळ्या डांबराच्या थेंबाखाली झाकलेली, नाव-गाव नसलेली ती चिप तुम्ही एखादं जुनं खेळणं उघडलं असेल तर पाहिली असेल. ती कुठल्याही आकाराच्या डब्यात बसायची. रशियात तिच्या नात्यातली मशिनं 'डेंडी' म्हणून विकली गेली. भारतात 'समुराई' आली, 'लिटल मास्टर' आलं. (मुंबईत हे नाव ऐकून गावसकरच आठवणार.) चिप इतकी लहान झाल्यावर वेगळ्या डब्याची गरज उरली नाही. ती थेट रिमोटच्या पोटात गेली. 'पॉवर प्लेअर सुपर जॉय' नावाचा असा एक रिमोट, ७६ गेम भरलेला, २००३-०४ च्या सुमारास अमेरिकेतल्या मॉलमध्ये राजरोस विकला जात होता. एफबीआयने छापे घातले, हजारो नग जप्त झाले आणि एका विक्रेत्याला तुरुंगातही जावं लागलं. गेमवर कॉपीराइट होता आणि तो मोडला गेला होता, यात वाद नाही.

पण चिपचं काय? फॅमिकॉमच्या मूळ पेटंटांची मुदत दोन हजार सालानंतर संपत आली होती. गेम चोरायचे नसतील तर चिप वापरायला आता हरकत नव्हती. आणि ती स्वस्त होती. मग एका अधिकृत, परवानाधारक कंपनीने ती वापरली.

२००२ ची ती अटारीची जॉयस्टिक उघडली तर आत अटारी नाहीच. आत निन्टेन्डोच्या मशीनची तैवानी वळणाची नक्कल आहे. वीस वर्षांपूर्वी फिसकटलेलं लग्न अखेर असं लागलं! या चिपवर अटारीचा मूळ कोड चालणं शक्य नव्हतं, म्हणून दहाच्या दहा गेम नव्याने लिहिले गेले. किल्ले पुन्हा काढले, बदकं पुन्हा काढली, गुप्त खोलीसुद्धा पुन्हा बांधली. फक्त खोलीत काय लिहायचं ते राहिलं. हाच तो 'टेक्स्ट?'.

दोन वर्षांनी आलेली एक जॉयस्टिक मात्र वेगळ्या मातीची होती. जेरी एल्सवर्थ या पदवी नसलेल्या, स्वतःच शिकलेल्या इंजिनिअर बाईने कमोडोर ६४ हा ऐंशीच्या दशकातला अख्खा कॉम्प्युटर एका चिपवर उतरवला. २००४ मध्ये तो ३० गेमसकट जॉयस्टिकच्या आकारात विकला गेला. क्यूव्हीसी या टीव्हीवरून माल विकणाऱ्या वाहिनीने पहिल्याच दिवशी ७० हजार नग खपवले. खेळणं म्हणून ही उत्तम वस्तू होतीच. पण एल्सवर्थने आतल्या पट्टीवर कीबोर्ड आणि डिस्क ड्राइव्ह जोडायच्या जागाही ठेवल्या होत्या, आणि सुरू होताना दांडा विशिष्ट पद्धतीने हलवला तर जुन्या कॉम्प्युटरचा निळा पडदा उघडत असे. डाळज-सोल्डर हातात धरता येणाऱ्यांनी त्यापासून खरेखुरे कॉम्प्युटर बनवले. मालकाने खेळणं मागितलं आणि कारागिराने आत दार ठेवलं. पुढच्या वर्षी कर्ट व्हेंडेलच्या 'अटारी फ्लॅशबॅक २'नेही तेच केलं: आत खऱ्या अटारीची चिप नव्याने घडवलेली, आणि कॅसेटचा खाचा जोडायला पट्टीवर जागा. त्या मशीनवर 'अ‍ॅडव्हेंचर'चा मूळ कोड चालतो. रॉबिनेटचं नाव खोलीत जसंच्या तसं आहे.

आता आपल्या घरी येऊ. नव्वदच्या दशकात उन्हाळ्याच्या सुट्टीत महाराष्ट्रातली जी मुलं तासाच्या भाड्याने किंवा शेजाऱ्याच्या मेहेरबानीने टीव्हीवर गेम खेळली, त्यांच्या तोंडी तीन नावं पक्की असतात: मारिओ, काँट्रा आणि टँक. कॅसेटवर लिहिलेलं असायचं 'नऊ लाख नव्याण्णव हजार इन वन', आणि आत खरे गेम बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे म्हणजे तेच गेम, कधी वेगळ्या नावाने, कधी चौथ्या लेव्हलपासून सुरू होणारे. चालेना की फुंकर मारायची.

यातला 'टँक' म्हणजे नामकोचा 'बॅटल सिटी'. १९८० च्या 'टँक बटॅलियन' या आर्केड गेमवरून घडवलेला, १९८५ चा. विटांच्या भिंती, खाली मधोमध आपला गरुड, दोघांनी मिळून तो राखायचा. फॅमिकॉमवरचा हा गेम त्या काळात जपानबाहेर अधिकृतपणे विकलाच गेला नाही. म्हणजे नाशिक, नांदेड किंवा पणजीत ज्यांनी तो खेळला त्यांनी नक्कलच खेळली. मूळ वस्तू आणि तिची नक्कल यांतला फरक कळायला मूळ वस्तू पाहिलेली असावी लागते. इथे ती कुणी पाहिलीच नव्हती. नक्कल करणाऱ्यांनी अनेकदा पहिल्या पडद्यावरून नामकोचं नाव पुसून टाकलं. ते साहजिकच होतं. चोरीच्या सायकलवरचं नाव कोण ठेवतं?

पण कोडच्या आत तीन नावं होती. 'बॅटल सिटी'मध्ये एक छोटीशी सोय आहे: रीसेटचं बटण दाबलं तरी तुमचा सर्वाधिक स्कोअर जाऊ नये. त्यासाठी गेमला ओळखावं लागतं की मशीन आत्ताच चालू झालंय की मधेच रीसेट झालंय. यावर बनवणाऱ्यांची युक्ती अशी: मेमरीत एक ठरलेला मजकूर लिहून ठेवायचा. सुरू होताना तो जागेवर सापडला तर रीसेट; नसला तर नवी सुरुवात. तो मजकूर कुठलाही चालला असता. त्यांनी स्वतःची नावं लिहिली: र्‍योइची ओकुबो, ताकेफुमी ह्योदो, जुन्को ओझावा. यातल्या ओझावा म्हणजे नामकोच्या संगीतकार; रणगाडे निघण्याआधी वाजणारी ती चार क्षणांची धून आठवा.

ही नावं पडद्यावर येत नाहीत, त्यामुळे ती पुसायला कुणी गेलं नाही. नकला करणाऱ्यांना हवा होता चालणारा गेम, आणि तो मिळवायचा सोपा रस्ता म्हणजे बाइटला बाइट उतरवणं. अटारीचा परवाना घेऊन, नव्याने लिहून काढलेल्या गेममधून बनवणाऱ्याचं नाव गेलं, आणि परवान्याशिवाय उतरवलेल्या कॅसेटींतून तीन नावं देशोदेशी फिरली. नकला करणाऱ्यांच्या इमानदारीचं हे कौतुक नव्हे. ओकुबो, ह्योदो आणि ओझावा यांच्या कंपनीला आपल्या सुट्ट्यांमधून एक पैसाही मिळालेला नाही.

आज ऑनलाइन दुकानांत 'गेम स्टिक' मिळते. पेन ड्राइव्हएवढी, टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत बसणारी, दोन बिनवायरचे रिमोट, 'दहा हजार गेम'. आत आता फॅमिकॉमची चिपही नाही. स्वस्तातला प्रोसेसर सॉफ्टवेअरच्या जोरावर जुन्या मशिनांचं सोंग घेतो. गेमच्या फायली मात्र बऱ्याचदा त्याच, हातोहात उतरत आलेल्या. यादीत खाली जात राहिलं की 'टँक' सापडतो, कधी कधी तीन वेगवेगळ्या नावांनी. त्यातला ज्याचा कोड मूळचा असेल तो निवडून बटण दाबलं की वर २०००० हा स्कोअर दिसतो. त्याच्या आधी, डोळ्याला कळणार नाही इतक्या वेळात, गेमने मेमरीत ती तीन नावं शोधलेली असतात, आणि ती न सापडल्यामुळे पुन्हा एकदा लिहिलेली असतात.